वळणाआधीची फांदी

७ जानेवारी २०१९, सोमवार

कंपनीने एक वही दिली आहे. तिच्यात वेळ, वेग, हवा आणि बिघाड एवढंच लिहायचं आणि सही करायची. ती वही दर आठवड्याला अभयच्या टेबलावर जाते. ही दुसरी. हिच्यात बाकीचं.

काम बारा आठवड्यांचं. वारज्याच्या पुढे बाह्यवळण मार्गाला एक वळण आहे. वळणापलीकडे डावी मार्गिका बंद करून गटाराचं काम चालू आहे. गाड्या साठ-सत्तरच्या वेगाने वळतात आणि समोर एकदम माणसं दिसतात. तिथल्या खांबावर आमची पेटी बसवली. मजुरांच्या जाकिटात काड्यापेटीएवढी चकती शिवली. पेटीला चकत्या कळतात, पेटी येणाऱ्या गाडीला कळवते, गाडीतला डबा चालकाला बोलून सांगतो. रोज तिथून जाणाऱ्या चाळीस गाड्यांत डबे बसवले आहेत. टँकर, डंपर, कंपन्यांच्या बस.

आकडे चांगले आले तर मी कंत्राटावरून कायम होईन. अभय असं म्हणाला नाही. "बारा आठवड्यांनी बोलू," म्हणाला. चौतिसाव्या वर्षी अशा वाक्यावर भागवता येतं.

येरवड्याचं घर, बाणेरचं ऑफिस, वारज्याची साइट, परत येरवडा. स्कूटरवर चाळीस किलोमीटर. घरी आल्यावर हेल्मेट काढायचाही कंटाळा येतो.

९ जानेवारी, बुधवार

डब्यातला आवाज माझा आहे. ठरलेली बाई आली नाही, म्हणून अभयने मला स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. "पुढे माणसं काम करत आहेत. वेग कमी करा." सात वेळा म्हटलं.

"थोडं कमी दमलेलं वाटू दे," अभय म्हणाला.

"मग दुसरं कुणी बघ."

सातवं घेतलं.

आईला मोबाइलवर ऐकवलं. ती पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होती. बावीस वर्षं डांबराच्या रस्त्यावर काम केलेले गुडघे.

"कोणाला सांगतेस हे?"

"ट्रकवाल्यांना."

"ते घरच्या बायकोचं ऐकत नाहीत. डब्यातलीचं ऐकतील." मग म्हणाली, "पण छान बोललीस. तुझे वडील असेच बोलायचे. सांगून टाकून मोकळे."

११ जानेवारी, शुक्रवार

साइटवर अकरा माणसं आहेत. मुकादम हिंदुराव, त्याला मजुरांपेक्षा माझ्या पेटीची काळजी जास्त, कारण तिच्यासाठी सही केली आहे. कामाच्या तोंडाशी लाल झेंडा घेऊन कोंडीराम उभा असतो. साठीचा असेल. परभणीकडचा. त्याची बायको वेणूबाई खड्ड्यातली माती वर देते. दोघं रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत राहतात.

कोंडीरामच्या पायाशी चार दगड आणि त्यांत खोचलेली सुबाभळीची फांदी होती. हे काय, म्हणून विचारलं.

"काम चालू हाय म्हनून."

"फलक आहे ना तिकडे? 'काम चालू आहे' लिहिलेला?"

"त्यो दोन वरसं झाली उभा हाय, म्याडम. काम मागल्या म्हैन्यात सुरू झालंय."

जाकीट लई तापतंय, असंही म्हणाला. त्याचं जाकीट तेव्हा कठड्याच्या तारेवर वाळत घातल्यासारखं होतं. मी घालायला लावलं. घातलं. मी स्कूटर सुरू केली तेव्हा आरशात पाहिलं, परत तारेवर होतं.

साइटला गुरुवारी सुट्टी असते. मला नसते, गुरुवारी ऑफिसात बैठक.

१८ जानेवारी, शुक्रवार

पहिल्या दहा दिवसांचे आकडे. डबा असलेल्या गाड्यांचा वळणावरचा सरासरी वेग अठ्ठावन्न. डबा नसलेल्यांचा साठ. म्हणजे माझ्या बोलण्याने दोन किलोमीटरचा फरक पडतो.

अभयने आकडे बघून चष्मा पुसला. तो चिडत नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी, शुक्रवार

आज एक मोटार वेणूबाईच्या घमेल्याला घासून गेली. घमेलं वाकलं. वेणूबाई खड्ड्यात बसून राहिली, मग उठून घमेलं दगडाने ठोकून सरळ करू लागली. गाडीत आमचा डबा नव्हता, त्यामुळे कंपनीच्या वहीत ही नोंद होत नाही. रकानाच नाही.

कोंडीराम झेंडा गुंडाळून बराच वेळ वळणाकडे बघत होता.

२८ जानेवारी, सोमवार

दोन गोष्टी केल्या. डब्यांचा आवाज वाढवला, आणि सूचना पन्नास मीटर आधी येईल असं केलं. दिवसभर एकेका गाडीला थांबवून. घसा बसला आहे. डब्यातली मी मात्र ठणठणीत.

कोंडीरामने फांद्यांचा पसारा वाढवला आहे. आता तोंडाशी ठेवत नाही, वळणाच्या अलीकडे जाऊन ठेवतो; दोनशे पावलं चालून. सकाळी टेकडीवरून ताजी तोडतो. मी म्हटलं, कालची आहे की चांगली. तर म्हणाला, "वाळली म्हंजी कालची. कालच्या फांदीला कोन थांबतंय?"

रस्त्यावर पाला पडतो. खांबावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात ते कचऱ्यासारखं दिसतं.

२ फेब्रुवारी, शनिवार

एकोणचाळीस. अठ्ठावन्नवरून एकोणचाळीस, पाच दिवसांत. तीनदा तपासलं.

अभय उठून माझ्या टेबलापाशी आला. "आवाज वाढवल्याने झालं," म्हणाला. "आम्रपाली, हे तू केलंस." ऑफिसातल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. झोप आली.

जाताना आईसाठी पेढे घेतले. तिला फांद्यांचंही सांगितलं, गंमत म्हणून. ती हसली नाही.

"ताजी तोडतो ना? जुना माणूस आहे मग. आणि काढतं कोण?"

"म्हणजे?"

"संध्याकाळी. काम सुटल्यावर. ज्याने ठेवली त्यानेच उचलायची असते. एकदा तुझे वडील कात्रजच्या कामावर विसरून आले. घरी येऊन हातपाय धुतले, भाकरी मोडली आणि आठवलं. तसेच सायकल काढून परत गेले. एका फांदीसाठी. मी म्हटलं, राहू दे की रात्रभर. तर म्हणाले, रिकाम्या रस्त्यावर फांदी राहिली की उद्या खऱ्या फांदीला कोणी थांबणार नाही."

"आता यंत्र आहे, आई."

"हो का," आई म्हणाली आणि दुसरा पेढा घेतला.

७ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक. अभयने सूचनांचा तक्ता भिंतीवर दाखवला. सोमवार दोनशे नऊ, मंगळवार दोनशे सतरा, बुधवार दोनशे सहा. आज संध्याकाळपर्यंत दोनशे बारा. कुठे खळगा नाही. "याला सातत्य म्हणतात," तो म्हणाला. मी मान हलवली. टाचा दुखत होत्या, बूट टेबलाखाली काढून ठेवले होते.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

टँकरवाल्या बद्रीनाथच्या डब्याची वायर सैल होती. तो दिवसातून सहा खेपा करतो. वायर बसवताना तो स्टिअरिंगवर हनुवटी ठेवून माझ्याकडे बघत होता.

"ताई, ती डब्यातली बाई तुमीच का?"

"हो."

"वाटलंच. दमल्यावानी बोलतीया." मग म्हणाला, "पर तुमच्यासारखी मानसं बगितली न्हाईत. गुरुवारी बी सुट्टी घेत न्हाई तुमी."

मी हसले. घरी आल्यावर आईला सांगितलं, माझं कष्टाळूपण टँकरवाल्यांपर्यंत पोचलं आहे.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

मंगळवार ते गुरुवार पेटी बंद होती. सिम मेलं. नवं यायला तीन दिवस. तीन दिवस मी कुठल्याच गाडीत बोलले नाही.

ते तीन दिवस अहवालातून वगळले. पेटी बंद असताना नुसत्या कॅमेऱ्याने मोजलेला वेग आपल्या उपयोगाचा नाही, असं अभयचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. मंगळवार-बुधवारी तरी वेग कमीच होता. सदतीस, अडतीस. सवय लागली असावी चालकांना. चांगलं लक्षण.

४ मार्च, सोमवार

प्रयोग तपासणाऱ्या समितीची माणसं पंधरा तारखेला येणार. अभयने प्रयोगाचा तिसरा टप्पा समजावला. आतापर्यंत सगळं एकत्र होतं: फलक, शंकू, झेंडा, फांद्या, आणि आपला आवाज. समिती पहिला प्रश्न विचारेल, वेग नक्की कशाने कमी झाला? तेव्हा नियमात असलेलं सगळं ठेवायचं आणि नियमात नसलेलं काढायचं. नियमांची यादी त्याने काढून आणली होती. फलक आहे, शंकू आहे, परावर्तक पट्टी आहे, झेंडेवाला आहे. फांदी कुठेच नाही.

"नाहीतर म्हणतील झाडपाल्याने झालं," तो म्हणाला.

पद्धत म्हणून त्यात चूक काही नाही. कॉलेजात हेच शिकवलं होतं. एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा. तरी मी म्हटलं, कोंडीरामला वाईट वाटेल. अभय म्हणाला, त्याला टोपी देऊ कंपनीची.

१० मार्च, रविवार

हिंदुरावला मोबाइलवर संदेश पाठवला. "उद्यापासून वळणाआधी फांद्या व दगड ठेवू नयेत. आम्रपाली." दोनदा वाचून पाठवला. 'नयेत' कडक वाटलं, पण सौम्य लिहिलं तर हिंदुराव फोन करतो.

आईने विचारलं, रविवारीही काम? मी म्हटलं, एक ओळ फक्त.

११ मार्च, सोमवार

कोंडीराम फांदी तोडून घेऊन आला होता. हिंदुरावने ती माझ्यासमोर कठड्यापलीकडे टाकली.

"वळणाआधी काय दिसनार त्यास्नी?" कोंडीरामने मला विचारलं.

"गाडीतच सांगेल ना. आधीपासून सांगतंय."

"ते व्हय."

"मग?"

त्याने झेंडा उलगडला. "न्हाई. तुमी शिकलेल्या हाय." हे तो टोमणा म्हणून बोलला की खरंच, कळलं नाही. पुण्याचा असता तर कळलं असतं.

टोपी दिली. त्याने ती वेणूबाईला दिली.

संध्याकाळचा आकडा पंचावन्न.

१२ मार्च, मंगळवार

अठ्ठावन्न. अभयला फोन केला. तो म्हणाला, कोणताही बदल केला की दोन दिवस आकडे हलतात, गुरुवारपर्यंत थांब. मलाही थांबायचंच होतं, असं आता लिहिताना वाटतं. फांद्या परत ठेवायला सांगायचं म्हणजे सहा आठवड्यांचा एकोणचाळीस कोणाचा होता, हे विचारावं लागलं असतं.

उद्या बघू.

१३ मार्च, बुधवार

अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी बद्रीनाथचा टँकर वळणावरून एकसष्टच्या वेगाने आला. त्याने ब्रेक दाबले. पाणी भरलेला टँकर लगेच थांबत नाही. कोंडीराम झेंडा हलवत होता. खड्ड्यातल्यांना ओरडून सांगायला तो मागे वळला, म्हणून बाकीचे वाचले.

मी तेव्हा पेटीच्या खांबाखाली होते. माझ्या हातातल्या तपासणीच्या डब्यातून माझा आवाज येत होता. पुढे माणसं काम करत आहेत.

जास्त लिहवत नाही.

१४ मार्च, गुरुवार

कोंडीरामचा डावा पाय गुडघ्याखाली काढला. तो जगेल असं डॉक्टर म्हणतात. बद्रीनाथ पोलिसांच्या ताब्यात आहे. काम चौकशी होईपर्यंत बंद. समितीने भेट पुढे ढकलली.

ऑफिसात अभयने नोंद काढली. गाडी क्रमांक, वेळ, सूचना पोचली: हो. अकरा एक्केचाळीस शून्य सात. टँकर पोचायच्या आधी तेरा सेकंद. तो खुर्चीत मागे टेकला. सुटल्यासारखा श्वास सोडला त्याने, आणि मग स्वतःच ओशाळला.

"प्रणाली चालली," म्हणाला. "ऐकलं नाही त्याने."

मीही तेच म्हटलं. ऐकलं नाही त्याने.

१६ मार्च, शनिवार

बद्रीनाथला भेटायला चौकीवर गेले. त्याला विचारायचं होतं, का ऐकलं नाही. हवालदाराने पाच मिनिटं दिली. तीन रात्रींत त्याचा चेहरा वितळला आहे.

"आवाज आला होता का?"

"आला की. रोजच येतोय."

"मग?"

"फांदी नव्हती, ताई."

त्याला वाटलं, मला समजलं नाही. तो लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला.

"तुमी सारख्याच बोलता. मानसं जेवाया गेली तरी बोलता. समद्यांनी जाकिटं काढून तारंवर टाकली, तरी बोलता. गुरुवारी काळं कुत्रं नसतंय तितं, तरी 'मानसं काम करत्यात' म्हनून सांगता. मी म्हटलं नव्हतं का तुमाला? मग आमी काय करायचं? वळनाआधी फांदी बगायची. हिरवी फांदी असली की काम चालू, हळू घ्यायचं. फांदी न्हाई की काम बंद. सोमवारपासनं फांदी न्हाई. मला वाटलं काम संपलं आन् तुमाला कुनी सांगितलं न्हाई."

हवालदार म्हणाला, झालं का?

बद्रीनाथने विचारलं, "म्हातारा हाय ना?"

"आहे."

"त्यो फांदी चुकवायचा न्हाई कवा. कुनी काढली?"

वेळ संपली होती. मी वेळ संपल्याचा फायदा घेतला.

१७ मार्च, रविवार

सकाळपासून आकडे बघते आहे. आई दोनदा चहा ठेवून गेली. दोन्ही कप गार झाले.

मी नेहमी आठवड्याची सरासरी पाहिली. आज दिवस वेगळे केले. बद्रीनाथ, सोमवार चौतीस, मंगळवार छत्तीस, बुधवार पस्तीस, गुरुवार साठ, शुक्रवार चौतीस. प्रत्येक आठवडा तसाच. चाळीसपैकी बत्तीस गाड्या तशाच. गुरुवार सरासरीत बुडून गेला होता.

अकरा जाकिटं तारेवर लटकलेली आणि पेटीला वाटतंय, अकरा माणसं. गुरुवारच्या दोनशे बारा सूचना. सातत्य.

आणि सिम मेलं होतं ते दिवस. मी बोलत नव्हते तेव्हाही सदतीस, अडतीस. वेग कमी झाला तो अठ्ठावीस जानेवारीला. त्या दिवशी मी आवाज वाढवला आणि कोंडीराम दोनशे पावलं चालून फांदी वळणाआधी ठेवू लागला. हे दोन्ही मी याच वहीत, एकाच पानावर लिहिलं आहे.

एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा.

१९ मार्च, मंगळवार

रुग्णालय. कोंडीराम उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट.

"आता बसून धरावा लागंल झेंडा," तो म्हणाला. मी हसावं, म्हणून. वेणूबाई हसली नाही. ती स्टुलावर बसून कंपनीच्या टोपीने त्याला वारा घालत होती.

"म्याडम," ती म्हणाली, "फांदी काढा म्हनून कुनी सांगितलं व्हतं?"

"हिंदुरावने काय सांगितलं?"

"वरून सांगितलंय म्हनला."

"मी सांगितलं होतं. वरून म्हणजे मीच."

तिचा हात थांबला. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. मग तिचा हात परत हलू लागला.

"बद्रीला सोडलं का?" कोंडीरामने विचारलं.

"नाही अजून."

"त्येचा काय दोष? फांदी नव्हती, त्यो आला. मी असतो तर मी बी आलो असतो."

वेणूबाई मला म्हणाली, "जावा आता तुमी. त्येला झोपू द्या." जिन्यापर्यंत पोचवायला आली नाही. यायलाच हवं असं कुठे होतं.

२२ मार्च, शुक्रवार

अहवालाचा मसुदा अभयने केला आहे. सव्वा पान. सूचना वेळेवर पोचली. चालकाने दुर्लक्ष केले. प्रणालीत दोष नाही. तांत्रिक निरीक्षक म्हणून खाली माझी सही.

मी त्याला गुरुवारचे आकडे दाखवले, सिमच्या दिवसांचे दाखवले, बद्रीनाथ काय म्हणाला ते सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकलं. मग उठून खिडकीशी गेला. खाली बाणेरचा रस्ता तुंबला होता.

"अपघाताच्या वेळी माणसं होती ना तिथे?"

"होती."

"सूचना खरी होती ना?"

"त्या वेळी होती."

"मग मी तुला खोटं लिहायला सांगत नाहीये. एवढंच म्हणतो, यादीत नसलेलं लिहू नकोस. फांदी यादीत नाही. बारा माणसांची नोकरी आहे या कामावर. तुझीपण. आणि पुढच्या वेळी आपण चकत्या सुधारू. जाकीट अंगावर आहे की तारेवर, हे कळेल. खरंच सुधारू, आम्रपाली."

सुधारेलही. तो वाईट माणूस नाही. त्याने मला सोमवारपर्यंत वेळ दिला.

"आणि बद्रीनाथ?"

"वकील बघेल."

२४ मार्च, रविवार

आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं, ती म्हणेल मी सांगितलं होतं. तिने तसं काही म्हटलं नाही.

"नोकरी जाईल?"

"बहुतेक."

"हं."

थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे वडील त्या दिवशी परत गेले ना, तेव्हा मला राग आला होता. भाकरी गार झाली म्हणून." आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "हे खडे बघ. मला दिसत नाहीत आता."

मी खडे काढत बसले. तांदूळ स्वच्छ होता.

२५ मार्च, सोमवार

अभयच्या मसुद्यावर सही केली नाही. माझा अहवाल वेगळा दिला, पाच पानांचा. एक प्रत त्याला, एक समितीला, एक चौकशी अधिकाऱ्याला. गुरुवार वेगळे दाखवले. वगळलेले तीन दिवस परत घातले. शेवटच्या पानावर दहा मार्चचा माझा संदेश जसाच्या तसा, वेळेसकट. त्याखाली लिहिलं: कामाच्या ठिकाणी माणसं नसतानाही प्रणाली ती आहेत असे सांगत होती. चालक खरे-खोटे फांदीवरून ठरवत होते. फांदी माझ्या सूचनेवरून काढली गेली.

नंतर पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली सापडेना. ती हातातच होती.

अभयने त्याची प्रत बॅगेत ठेवली. संध्याकाळी निघताना म्हणाला, "गटाराचं काम वळणाआधी असतं तर ही वेळ आली नसती." मी म्हटलं, हो.

५ एप्रिल, शुक्रवार

बद्रीनाथला जामीन मिळाला. वकिलाने माझं शेवटचं पान वापरलं, असं कळलं. त्याचा फोन आला नाही. खटला चालेलच.

माझं कंत्राट पंधरा तारखेला संपतं. नव्याने होणार नाही. कळवणारं पत्र अत्यंत सभ्य आहे.

११ एप्रिल, गुरुवार

किल्ल्या परत करायच्या होत्या. त्याआधी साइटवर गेले. तीन महिन्यांत पहिल्यांदा गुरुवारी.

मजुरांना हिंदुरावने दुसऱ्या कामावर नेलं आहे. पत्र्याच्या खोल्यांना कुलपं. खड्ड्याभोवती शंकू, पट्टी, आणि 'काम चालू आहे' हा फलक. कुत्रंसुद्धा नव्हतं, बद्रीनाथ खरं बोलला होता. जाकिटं तारेवरच होती. दहा. अकरावं पोलिसांकडे. ऊन फार होतं, ती वाऱ्यावर हलत होती.

वळणाअलीकडे स्कूटर लावून चालत आले. पिशवीतला तपासणीचा डबा अजून चालू होता. पुढे माणसं काम करत आहेत. वेग कमी करा. थोडं पुढे गेले की परत तेच. महिनाभर कोणी पेटी बंदच केली नव्हती. सगळ्यांना वाटलं, दुसरा कोणीतरी करेल. मलाही.

एक डंपर आला. त्यात आमचा डबा असणार. काचेला हिरवा स्टिकर होता. चालकाने मान वळवूनही पाहिलं नाही. सत्तरने गेला.

शिडी खोलीत बंद होती. खांबाच्या बुडाशी कुलूपपेटीत मुख्य कळ आहे. उघडली, कळ खाली केली. वरचा हिरवा दिवा विझला. हातातला डबा वाक्याच्या मध्येच गप्प झाला. पुढे माणसं.

जाकिटं तारेवरून काढून घडी केली आणि पिशवीत भरली. परत जाताना कठड्यापलीकडे एक फांदी दिसली. अकरा मार्चची, हिंदुरावने टाकलेली. पानं सगळी झडलेली. ती रस्त्यापासून लांबच पडली होती, कोणाला दिसली नसती. तरी वाकून उचलली आणि टेकडीच्या बाजूला, झुडपात टाकली.

घरी आई चौदा तारखेसाठी पांढरी साडी इस्त्री करत होती. माझ्या हाताला कुलूपपेटीचा गंज लागला होता. तिने हाताकडे पाहिलं.

"बंद करून आलीस?"

"हो."

"मग हात धू. भाकरी गरम आहे."